भांड्यांच्या रकान्यातलं नाव

"पांढरा रस्सा कुणी केलाय?" चर्चच्या मांडवात झाकण उचलून थोरल्या बाईंनी विचारलं.

"मी."

झाकण परत पडलं. "हे राहू दे मागं. भांड्यांचं तू बघ."

अकरा वर्षांपूर्वीचं नाताळचं प्रीतिभोजन होतं. सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळी पातेलं भरलेलंच घरी आणलं.

बाई चर्चच्या पंचांच्या पत्नी. घराणं मूळचं जमीनवालं. माझे सासरे मांगवाड्यातून ख्रिस्ती झाले. चर्चमध्ये जात विचारत नाहीत. सगळ्यांना ठाऊक असते.

पाळकसाहेब म्हणाले, "क्षमा करा, ताई. न्याय करू नका." मी मान डोलावली. क्षमा म्हणजे गप्प बसणं, असं धरून चालले. जेवणाच्या याद्या माझ्याकडंच. मटण कुणाकडं, भात कुणाकडं, भाकरी कुणाकडं. शेवटचा रकाना भांड्यांचा. त्यात माझं नाव अकरा वर्षं मीच लिहिलं.

आज ईस्टर. कुरुंदवाडकडचं एक नवं कुटुंब आलं. सून डबा घेऊन पुढं आली. मी आडनाव विचारलं. ऐकताच जात कळली, आणि पेन थेट शेवटच्या रकान्यात गेलं.

"भांड्यांचं तू बघ."

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "वैनी, डबा उघडून तर बघा की. आडनावावरनंच वास आला व्हय?"

कान तापले. अकरा वर्षं मी मनातल्या मनात बाईंचा न्याय करत होते. भाकरी थापताना, झोपताना. त्यांची जीभ माझ्या तोंडात कधी आली, कळलंच नाही.

"चुकलं माझं. क्षमा कर."

"बघू," ती म्हणाली, आणि डबा स्वतःच टेबलावर मधोमध ठेवला.

तिचं बरोबर होतं. नुसत्या शब्दानं भागणार नव्हतं. मी वही घेऊन बाईंकडं गेले.

"बाई, मागचं मी सोडलं. तुमच्यावर राग ठेवणार नाही. पण भांडी आता पाळीनं. आज तुम्ही आणि मी."

"गुडघं धरल्यात माझं."

"स्टूल ठेवलंय."

"पाळकसाहेबांना विचारलंस?"

"त्यांची पाळी पुढच्या खेपेला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. जेवणानंतर आल्याही नाहीत. मी ताटं मोजून निम्मी घासली. हात पुसले. दोघी-तिघी उरलेली घासायला धावल्या. त्यांना मी थांबवलं.

पाळकसाहेब जवळ आले. "ताई, ही क्षमा का?"

"क्षमाच आहे, साहेब. नाहीतर चर्च सोडून गेले असते. पुढच्या रविवारी येणार, बाईंना सलाम करणार, त्यांच्याच बाकावर बसणार."

त्यांनी उरलेल्या ताटांकडं बोट केलं.

"आणि ही?"

"ही त्यांच्या वाटणीची. मी हात लावणार नाही. त्या नव्या सुनेलाही लावू देणार नाही."