बाणामागची नावं

शेवाळे मॅडम कोणतंही झाड बंद ठेवून पास करत नसत. झाड म्हणजे वेबपानावरची नावांची उतरंड: नावापुढे छोटा बाण, तो दाबला की खालची नावं उघडतात. मॅडम एकेक बाण दाबत तळापर्यंत जायच्या. "झाकलेलं मला लय खुपतं, भाऊ," म्हणायच्या. मनमाडच्या होत्या, इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात त्यांनी बोली बदलली नाही.

मी नवा असताना द्राक्षबागायतदारांची यादी करत होतो. तालुका, गाव, शेतकरी, बाग. 'दिंडोरी' दोनदा दिसली म्हणून मी एक काढून टाकली. तिच्याखालची सगळी गावं गेली, गावांसकट शेतकरीही. मॅडमनी ओरडा केला नाही. जुन्या प्रतीवरून सगळं परत आणलं आणि म्हणाल्या, "आधी खालच्यांना कुणाच्या तरी पदरात घाला. मग वरचं काढा."

गेल्या महिन्यात त्या गेल्या. शोकसभेत साहेब समोसा खात बोलले. त्यांच्या मिशीला चटणी लागली होती आणि मला दुसरीकडे बघता येत नव्हतं.

दहावंही झालं नव्हतं. सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले.

"अरे, साइटवरून अख्खी टीम गायब! उद्या क्लायंट येतोय."

आमच्या ऑफिसच्या साइटवर कर्मचाऱ्यांचं झाड होतं. मॅडमच्या नावाखाली आम्ही सातजण. त्यांचं नाव कुणीतरी काढलं होतं. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो.

"नाव कुणी काढलं, साहेब?"

"मीच काढलं. मेलेलं माणूस साइटवर बरं दिसतं का? तू आता मॅडमच्या जागी. बाकीच्यांना तुझ्याखाली घे आणि मग मॅडमचं नाव पुन्हा नीट काढ."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बढती होती ती.

जुन्या प्रतीवरून मॅडमचं नाव खालच्या सातजणांसकट परत आणलं. माझं नाव त्यांच्या शेजारी नेलं. मग सहा नावं एकेक करून माझ्याखाली ओढली. शेवटचं सरकलं तसा मॅडमच्या नावापुढचा बाण नाहीसा झाला. उघडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काढ आता," साहेब मागून म्हणाले.

काढलं. एकही नाव हरवलं नाही. मॅडमनी तळापर्यंत उघडून बघितलं असतं आणि पास केलं असतं. किळस येते ती त्याचीच.