माणसांसकट काटा

गाडी वजनकाट्यावर चढली आणि तिघंही दरवाजे उघडून खाली उतरले. सुजित, त्याची बायको मनीषा आणि वडील आबा. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागात काट्यावर गाडी गेली की माणसं उतरतातच. उसाच्या ट्रॉलीचं रिकामं वजन करताना वर एखादा माणूस राहिला तर तेवढे किलो शेतकऱ्याच्या उसातून वजा होतात. आबा तर उतरल्यावर प्लॅटफॉर्मला फेरी मारून आले. कुणाचा पाय टेकलाय का, ते बघायला.

आकडा आला २५६० किलो. सुजित खूश झाला.

बारामतीत माझं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं वर्कशॉप आहे. सुजितची इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग. त्याची चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर गाडी घेऊन तिघं उन्हाळ्यात स्पितीला जाणार होते. डोंगरात हिंडायचं, गाडीच्या टपावरच्या तंबूत झोपायचं, स्वयंपाकही गाडीमागेच. त्यासाठी त्याला चार इंच लिफ्ट आणि तेहतीस इंची टायर हवे होते. मित्राच्या गाडीला तसंच होतं.

लिफ्ट म्हणजे मूळच्या स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर काढून जास्त उंचीचे बसवायचे. गाडी जमिनीपासून वर उचलली जाते, दगडाला पोट घासत नाही. पण स्प्रिंग नुसत्या उंचीवर निवडत नाहीत. तिच्यावर कायम किती ओझं राहणार, त्यावर निवडतात. ओझ्यापेक्षा कडक घेतली तर गाडी खड्ड्याखड्ड्यात उडते, मऊ घेतली तर मागून बसते. म्हणून मी सामान भरून काटा केल्याशिवाय किट मागवत नाही.

टायरचा हिशोब वेगळा. व्यास तीन इंच वाढवला तर गाडी दीडच इंच उचलते, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. चार इंच लिफ्टचे आणि दीड इंच टायरचे, म्हणजे साडेपाच इंच. गाडीचा तोल वर जातो, ब्रेक उशिरा लागतो, ॲव्हरेज पडतं. शिवाय कंपनीनं त्या गाडीच्या कुठल्याच मॉडेलला न दिलेला साइज नियमात बसत नाही. हे सगळं मी सुजितला सांगितलं होतं. तो म्हणाला, “दादा, सगळेच घालत्यात की.”

काट्यावर जाण्याआधी वर्कशॉपमध्ये एक गोष्ट घडली होती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची चार इंच उचललेली गाडी उभी होती. सुजित फोनवर होता. आबांनी तिचं दार उघडलं, हँडल धरलं आणि ऑपरेशन झालेला गुडघा उचलून बघितला. पाय पोचला, पण अंग वर येईना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी दार हळूच लावलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. मी बघितलं ते त्यांना कळलं.

तर काट्यावर सुजितनं मोबाइलवर वजाबाकी केली. आरसी बुकावर भरलेल्या गाडीची मर्यादा २७०० किलो. “अजून एकशेचाळीस शिल्लक. पुढं लोखंडी बंपर बसवूया.”

मी म्हणालो, “आता तिघं आत बसा. परत काटा करू.”

काटेवाला नको म्हणाला. माणसं बसवून काटा करायचा नाही, मालकाची ताकीद होती. आबांनी त्याचीच बाजू घेतली. “मिस्त्री, माणूस बसवून वजन म्हंजी चोरी. आमी त्याच्यापायी भांडणं केल्यात.”

“आबा, आपल्याला काही विकायचं नाही. डोंगरात स्प्रिंगवर तुम्ही पण बसणार आहात ना? मग तुमचं वजन धरायला नको?”

काटेवाल्यानं मालकाला फोन लावला. मालक बराच हसला असावा, कारण फोन ठेवताना हा पण हसत होता. तिघं आत बसले. आबा ताठ बसले होते, फोटो काढताना बसतात तसे.

२७७० किलो.

सुजितनं आकडा दोनदा वाचला. बंपर राहिला बाजूला, आताच सत्तर किलो जास्त होते. मी म्हणालो, काहीतरी उतरवावं लागेल. जास्त कडक स्प्रिंग घातली म्हणून मर्यादा वाढत नाही. ब्रेक आणि ॲक्सल तेच राहतात.

आबा शांतपणे म्हणाले, “मग मलाच उतरवा. माझं बरोब्बर सत्तर भरतंय.”

सुजित हसला. आबा हसले नाहीत. “खरंच सांगतोय. तुमी दोघं जावा. हितं बागंला पाणी द्यायला माणूस लागतंयच की.”

“आबा, वरीसभर तुमीच माझ्या मागं लागलाय, बरफ बघायचा म्हणून.”

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. आता मात्र मला बोलणं भाग होतं. मी सुजितला म्हणालो, “साडेपाच इंचानं वाढलेल्या गाडीत आबांना चढता येणार नाही. मघाशी त्यांनी चढून बघितलंय.”

काटेवाला पुढच्या ट्रॅक्टरला थांबायची खूण करत होता. मनीषा मागच्या सीटवरून म्हणाली, “फ्रिज काढा. त्याची बॅटरी पण. हितं कुणी थंड पाणी पित न्हाय, तितं बरफात फ्रिज कशाला पायजे?”

फ्रिज आणि त्याची बॅटरी गेली, पन्नास किलो. स्टेपनीशिवाय घेतलेलं जास्तीचं चाक गेलं, तीस किलो. आबांना चढायला दाराखाली पायदान लावायचं ठरलं, त्याचं वजन वाढलं ते दहा. हिशोब मर्यादेवर येऊन थांबला, वर एक किलोही नाही. बंपरचं नाव सुजितनं परत काढलं नाही.

किट घेतलं दीड इंचाचं, मधल्या वजनाच्या स्प्रिंगचं. टायरचा साइज गाडीची कंपनी वरच्या मॉडेलला देते तो, एक इंच मोठा, ऑल-टेरेन. म्हणजे डांबर, खडी दोन्हीवर चालणारा. नुसत्या चिखलाचा टायर डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो, आणि स्पितीपर्यंतचा बहुतेक रस्ता डांबरीच. एकूण उंची वाढली दोन इंच. आबा पायदानावर पाय ठेवून आपले आपण चढले, उतरले, परत चढले. तिसऱ्यांदा चढले तेव्हा सुजित दार धरायला पुढं आला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

परत आल्यावर गाडी तपासणीला आली. टायर चारही सारखे झिजलेले, शॉक कोरडे, कुठं तेल गळलेलं नाही. पोट दोन ठिकाणी घासलं होतं, पण खालच्या लोखंडी गार्डवरच. चार इंच असते तर तेही घासलं नसतं, हे मी मान्य करतो. आबा म्हणाले, बरफ बघितला, पण पायाखाली लई निसरडा.

आता लिफ्टसाठी कुणी आलं की मी आधी विचारतो, गाडीत कोण कोण बसणार. बहुतेकांना ही नसती चौकशी वाटते. ते म्हणतात, आधी किट तर दाखवा. मी सांगतो, आधी घरची माणसं घेऊन या.