शौक का धंदा

मशीन बंद करायचं लाल बटण दाबायला मला उशीर झाला. हात बटणावर पडेपर्यंत बारीक बिट, म्हणजे मशीनचं कोरायचं टोक, शेटजींच्या सागवानी फळीत दोन सूत खोल उतरला होता आणि तिथे करपल्याचा वास सुटला होता. माझी बायको दारात उभी होती. ती ओरडली नाही. जवळ आली, खड्ड्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "झिरो लावला नवता ना?"

नव्हता लावला.

हे असं का झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की मला माझंच तोंड दिसतं.

रिसोडला आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी मोटारी बांधतो. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या, जळून आलेल्या. बायको घरात ब्लाऊज शिवायची. दोन वर्षांपूर्वी मी अकोल्याहून एक जुना सीएनसी राऊटर आणला, म्हणजे संगणकावर काढलेली नक्षी लाकडात कोरणारं मशीन. आणला मी, पण त्यावर हात बसला तिचा. खाकी कागदावर ब्लाऊजचं कटिंग काढणाऱ्या बाईला पडद्यावर रेघ काढायला फार दिवस लागले नाहीत. रेघेच्या बाहेर ठरावीक अंतर सोडण्याला मशीनसोबत आलेल्या प्रोग्राममध्ये इंग्रजी शब्द होता. ती त्याला माया म्हणायची, शिवणीत कापड जास्तीचं ठेवतात तीच माया. "माया ठेवली नाई तं कपडा उसवल्यावर काय करसान?" असं लाकडाबद्दलही बोलायची, आणि मी हसायचो.

पाट, चौरंग, दारावरच्या पाट्या असं करत तिला पहिलं मोठं काम मिळालं. बाजारातल्या जैन शेटजींचं. धान्याच्या त्यांच्या जुन्या दुकानात गल्ल्याखाली जी सागवानी फळी होती, तिचा त्यांना नव्या घरातल्या देवघरासाठी दरवाजा करून हवा होता. ते माझ्याशी बोललेच नाहीत. सरळ तिला म्हणाले, "ताई, या फळीवर माह्या बाबाचे हात घासेल हायेत. दुसरी भेटनार नाई." सुतार फळी रंधून पातळ करून देणार होता. हिने त्याला अडवलं, जाडी आहे तशी ठेवायला लावली. मी तिला म्हणालो, "दरवाजा करायचा का उखळ?" सुतारही हसला.

मशीनसाठी नवा प्रोग्राम कोणता घ्यायचा यावर तेव्हाच आमचं बिनसलं होतं. एक मोठा होता, दरसाल भाडं भरायचा, तो आम्ही बघून सोडला. गावातला एक जण चोरून उघडलेला प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्ये द्यायला तयार होता, चहा पाजला की झालं. त्याला तिनेच नाही म्हटलं. मग राहिले दोन. एक छोटा, एकदाच विकत घ्यायचा. दिसायला साधा, पण नेट नसलं तरी चालणारा, आणि एका बिटाचं काम संपलं की मशीन थांबवून दुसरा लावायला सांगणारा. दुसरा मोठ्या कंपनीचा, फार देखणा, आणि शौकिया लोकांना फुकट.

तिला छोटा हवा होता. तिने दोन्ही वापरून पाहिले होते. मी म्हणालो, "फुकट भेटत असतानी पैसे कायले घालायचे?" आणि तिच्याकडून माऊस घेतला.

पडद्यावर प्रश्न आला. मी तिला वाचून दाखवला, "शौक का धंदा, असं इचारते." आणि शौकावर टिक केली.

ती शेजारीच बसली होती. "म्हंजे मी इतके दिवस शौक करून राह्यली?"

"अवं, फुकट भेटावं म्हनून."

"तुमच्या मोटारी धंदा. आन माहं शौक."

"तू भी ना! टिकच तं हाय."

ती उठून चहा ठेवायला गेली. फुकट मिळावं म्हणून मी ती टिक केली हे खरं आहे. पण ती करताना माझं बोट जराही अडखळलं नाही, हेही खरं आहे. धंद्यावर नेताना अडखळलं असतं. तिच्या कामाला मी मनात तेच म्हणत होतो, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

फुकटच्या प्रोग्राममध्ये एका फाईलमध्ये एकच बिट चालायचा. जाड बिटाने लाकूड काढायचं, ती फाईल संपली की हाताने बारीक बिट बसवायचा, पुन्हा झिरो लावायचा, म्हणजे बिटाचं टोक फळीला नेमकं कुठे टेकतं ते मशीनला दाखवायचं, मग दुसरी फाईल. मशीन आठवण करून देत नाही. बायको त्यासाठी खाकी कागदाची चिंधी बिटाखाली धरायची. कागद जरासा अडकला की झिरो. त्या दिवशी जाड बिटाचं काम संपल्यावर ती चिंधी घेऊन आली तर मी म्हणालो, "सरक बाजूले, लाईट जाईन आता," आणि बारीक बिट बसवून तशीच दुसरी फाईल चालू केली. बारीक बिट जाड बिटापेक्षा लांब होता. मशीनला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आता फळीत खड्डा होता. मी म्हणालो, "भुसा आन गोंद भरू. पॉलिश मारल्यावर कोनाले दिसते?"

"मले दिसन," ती म्हणाली आणि शेटजींना फोन लावला.

ते स्कूटरवर आले. त्यांनी चष्मा काढला, खड्ड्यावरून अंगठा फिरवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"ताई, आता?"

"जाडीत माया ठेवेल हाय, शेटजी. रंधा मारून खड्डा निंगन. पन मंग माया उरनार नाई. दुसऱ्यांदा चुकलं तं फळी गेली. तुमी म्हनसान तं करतो. नाई तं घेऊन जा, मी काई म्हननार नाई."

"मशीन कोन चालवीन? हे?" त्यांनी हनुवटीने मला दाखवलं.

"मी."

"भाऊले चहा करता येते का?" ते म्हणाले. कोणी हसलं नाही. मग ते म्हणाले, "कापा."

तिने त्याच दुपारी छोटा प्रोग्राम विकत घेतला. त्यानेही विचारलं, कशासाठी. तिने धंदा निवडलं, नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवलीसुद्धा नाही. मग प्लायवूडच्या तुकड्यांवर तोच दरवाजा ती पुन्हा पुन्हा कापत राहिली, जोवर तिचं समाधान होत नाही तोवर.

रंधून आलेली फळी मशीनवर बांधली तेव्हा तिने मला लाल बटणाशी उभं केलं. "इथून हालू नका." मी हाललो नाही. जाड बिट फिरत होता तोवर माझा तळवा बटणावर घामाने चिकटला होता. बाहेर सोयाबीनची गाडी वळत होती, तिचा धक्का जमिनीतून फळीला लागेल असंही मला वाटून गेलं.

मशीन थांबलं, बिट आपोआप वर गेला. पडद्यावर ओळ आली: बिट बदला, झिरो लावा, मग पुढे.

तिने बारीक बिट कसला. चिंधी खाली सरकवली, बिट केसाकेसाने उतरवला. मग हात थांबवून म्हणाली, "इकडे या. पाहा बरं."

मी कागद ओढला. तो जरासा अडकला.

"लागला?" तिने विचारलं.

तिचं बोट मशीन सुरू करायच्या बटणावर होतं आणि ती थांबली होती. माझ्या उत्तरासाठी. मला तिच्याकडे बघवेना. ज्या दिवशी मी माऊस हातात घेतला त्या दिवशी मीही तिला एवढंच विचारायला हवं होतं.

"लागला," मी म्हणालो.

"मंग जा तुमच्या जाग्यावर."

मी लाल बटणाशी परत गेलो. बिट खाली आला, फळीला टेकला, आणि पहिला भुसा पिठासारखा बारीक निघाला.