नीलक्कानं बदललेलं दूध

नीलक्काला स्वयंपाकाला बोलावलं, की पाहुणे किती हे ती नंतर विचारायची. आधी विचारायची, "गल्लीत तान्हं लेकरू कुणाचं हाय?" औरादजवळच्या आमच्या खेड्यात तिच्या या चौकशीला बायका हसत. स्वतःला मूलबाळ नाही म्हणून दुसऱ्यांची मोजत फिरते, म्हणत. नीलक्का लिंगायताघरची विधवा, उंच, हाडापेरानं दणकट. घरात कन्नड बोलायची, आमच्याशी मराठी. मला ‘तंगी’ म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

तिच्या हातची गव्हाची हुग्गी खायला लोक लांबून येत. उखळात सडलेले गहू शिजवून त्यात गूळ, खसखस, खोबरं घालायचं आणि शेवटी दूध. पण निजामाविरुद्धच्या पोलिस अॅक्शनच्या आधीच्या धामधुमीत गावची बरीचशी जनावरं गेली होती. घागरभर दूध मिळणं मुश्किल झालं होतं. नीलक्काचं त्यावाचून अडत नसे. रात्री भिजवलेली करडई ती पाट्यावर बारीक वाटायची, धोतराच्या फडक्यातून पिळायची आणि ते पांढरंशुभ्र दूध हुग्गीत सोडून ढवळत बसायची. "हात थांबला की ह्ये दूध रुसतंय," म्हणायची. खाणाऱ्याला फरक कळत नसे. तिचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं, "ज्याला दात हायत त्येला करडई चालतीय. ज्याला न्हाईत त्येला म्हशीचंच पायजे." ते वाक्य ती किती खरं करत होती, हे मला माझ्या थोरलीच्या बारशाला कळलं.

बारशाच्या वेळी आमची म्हैस आटलेली होती. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, पलीकडच्या वाडीतल्या आपल्या दोस्ताकडून घागरभर दूध मागवलं आणि नीलक्काच्या हवाली केलं. हुग्गी अशी जमली की अख्खी गल्ली बोटं चाटत घरी गेली.

दोन-तीन दिवसांनी त्या वाडीतला गडी धावत आला. दूध दिलेली म्हैस पिसाळली होती. भिंतींना धडका देत, तोंडातून फेस गाळत ती गोठ्यातच मेली. तिला मागं एक कुत्रं चावलं होतं, ते आता सगळ्यांना आठवलं.

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. आमच्या अंगणात माणसं जमली. पिसाळलेलं माणूस पाण्याला कसं भितं, त्याला कसं बांधून ठेवावं लागतं, हे प्रत्येकानं कुठं ना कुठं पाहिलं होतं. एक म्हातारा सारखा तांब्या तोंडाला लावून पाहत होता, घोट गिळता येतो का म्हणून. कुणी बीदरला पोटात सुया घ्यायला निघालं होतं, कुणी कुठल्याशा पाल्याचा रस पीत होतं. सासूबाईंनी माझी लेक माझ्या मांडीवरून उचलली. मी हुग्गी खाल्लेली, माझं दूध आता तिला द्यायचं नाही, म्हणाल्या. पोर रडून रडून निळी पडायला लागली. मला पान्हा फुटत होता, लुगडं भिजत होतं, आणि मी भिंतीला पाठ लावून बसले होते. माझ्याच अंगाची मला भीती वाटत होती.

तेवढ्यात नीलक्का आली. पोरीचं रडणं ऐकून थेट आत आली. तिनं सासूबाईंच्या हातून लेक घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"पाज तिला, तंगी. हुग्गीत त्ये दूध नव्हतंच. करडईचं होतं."

बाहेर कुजबुज झाली. अप्पा दारात आले. एरवी आपल्या दुधाची अशी अदलाबदल त्यांनी सहन केली नसती, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला. लेक प्यायला लागली. मी डोळे मिटले. मग अप्पांनी सहज विचारलं, की घागर गेली कुठं?

नीलक्का उभी होती ती खाली बसली. ते तिच्याही ध्यानात त्याच घडीला आलं असावं.

"वडारांच्या पालावर," ती म्हणाली. "त्या आई मेलेल्या लेकराला."

विहिरीचा दगड फोडायला वडार गावाबाहेर उतरले होते. त्यातली एक बाळंतीण वारली होती आणि तिची सासू नातवाला ज्वारीच्या पिठाचं पाणी पाजून जगवत होती. बारशाचं दूध नीलक्कानं तिकडं नेलं होतं.

"उकळून दिलतीस का?" अप्पांनी विचारलं.

"तापवलं व्हतं. उकळी आलती का न्हाई, काई केल्या ध्यानात येईना."

त्याच संध्याकाळी ती पालावर गेली आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. म्हातारीला मराठी अर्धीच कळे, पण पिसाळलेली म्हैस म्हणजे काय ते कळलं. तिनं नातवाला पदराखाली घेतलं. बाप हातात दगड घेऊन उठला, तरी नीलक्का हलली नाही. म्हणाली, मारायचं तर मग मार, आधी लेकरू दवाखान्यात नेऊ. माझ्या यजमानांनी बैलगाडी जुंपली. बीदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नीट उकळलेलं असेल तर भिण्याचं कारण नाही, पण खात्री नसेल तर सुया घ्याव्यात. त्या एवढ्याशा पोटात सुया टोचताना पाय नीलक्कानं धरले होते. सुया संपेपर्यंत ती दवाखान्याच्या ओसरीवरच राहिली.

एवढं करूनही लगेच निश्चिंत होता येत नाही, हा रोग महिन्यांनीही वर येतो, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं. मग तिचं दुसरं काही उरलंच नाही. रोज पालावर जायची, लेकराच्या ओठांना चमच्यानं पाणी लावायची आणि त्याच्या गळ्याकडं बघत राहायची. घोट खाली उतरला की तिचे खांदे सैल व्हायचे. एकदा त्याला ठसका लागला आणि पाणी नाकातून आलं. नीलक्का अनवाणी पळत आमच्याकडं आली. मी तिच्यासोबत गेले. लेकराला नुसतं पडसं होतं. परत येताना ती माझा हात धरून चालत होती. मी म्हटलं, तू चांगल्यासाठीच दिलं होतंस. ती म्हणाली, "व्हय. चांगल्यासाठी दिल्यालंबी पोटातच जातंय की, तंगी."

विहीर झाली. वडार निर्णा गावाकडच्या कामाला निघाले. आदल्या दिवशी नीलक्कानं घराची किल्ली माझ्याकडं आणून दिली आणि दुसऱ्या दिवशी गाढवांच्या मागून, गाठोडं डोक्यावर घेऊन, ती त्यांच्यासोबत चालू लागली. जातीचा, लोकांच्या बोलण्याचा विचार तिनं केला की नाही, कोण जाणे. सासूबाई वेशीपर्यंत गेल्या, परत फिर म्हणाल्या. ती थांबली नाही.

दीडएक वर्षानं ती आली. अंगानं वाळली होती, उन्हानं काळी पडली होती. कडेवर तो पोरगा होता, मल्लेश, धट्टाकट्टा. आमच्या अंगणात त्यानं माझ्या लेकीच्या हातातली भाकरी ओढून घेतली आणि दोघं भांडायला लागली. मी विचारलं, आता तर काही भीती नाही ना? ती नाही म्हणाली. मग किल्ली घे, घर झाडून ठेवलंय, मी म्हटलं.

तिनं किल्ली घेतली, हातात फिरवली आणि परत माझ्याच हातावर ठेवली.

"भ्या गेलं, तंगी," ती म्हणाली. "पर आता ह्यो मला आई म्हणायलाय."