दरवाजात सापडलेली बोटं

डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर म्हणाला, "घरी, साहेब. दरवाजात बोटं सापडली. ह्या बायकांचं ध्यान कुठं असतं!"

डॉक्टर हसले. त्यांनी तसंच लिहून घेतलं. मी मान हलवली.

बोटं गेली होती चाकणच्या कारखान्यात, प्रेस मशीनमध्ये. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर माल लवकर निघावा म्हणून बंद ठेवलेला. सुपरवायझर आमच्याच परभणीकडचा. नोकरी त्यानंच लावून दिली, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. ह्या खासगी दवाखान्यात येताना गाडीत म्हणाला, "घरी लागलं म्हन. कंपनीचं नाव आलं तर लाइन बंद पडंल, समद्या बायका घरी बसतील. तुझं मी बघतो."

मी विश्वास ठेवला. मूर्खच होते.

माझे वडील परभणीहून येऊन पिंपरीत कायम कामगार झालेले. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जायचे. त्याच विम्याच्या दवाखान्यात माझा जन्म झाला, आईचं ऑपरेशनही तिथंच. वडील म्हणायचे, "उपकार न्हाई हे. आपला हक्क हाय." मी ठेकेदाराकडे, पण कपात माझ्याही पगारातून व्हायची. मला वाटलं, हक्क माझाही आहे.

पट्टी सुटली तसा दादा फोन उचलेनासा झाला. विम्याच्या ऑफिसात बाईंनी कागद पाहिला. "घरगुती अपघात लिहिलाय. कामावरची इजा म्हणून पेन्शन कशी बसणार?" दोन बोटं कायमची गेली होती आणि कागद म्हणत होता, दरवाजा.

काम सोडून जाणार कुठं? डाव्या हातानं माल निवडत राहिले. मग एक दिवस शेजारच्या मशीनवर सुनीताचा अंगठा चिरडला. दादा मला म्हणाला, "तू बी चल. काय सांगायचं ते हिला समजाव. तुला म्हाईत हाय."

अंगाची लाहीलाही झाली. माझी बोटं खाऊन आता मलाच खोटं शिकवायला नेत होता! तरी गेले. गाडीत सुनीताला धरून बसले.

डॉक्टरांनी तेच विचारलं. दादानं तोंड उघडलं. मी मोठ्यानं म्हणाले, "प्रेसमध्ये. सेन्सर बंद होता. माझी बोटंही तिथंच गेली. लिहा."

दादा ओरडला, "तुला काय कळतंय?"

सुनीता कण्हत म्हणाली, "ती खरं बोलतीय, डॉक्टर."

त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर मला अडवलं. काम गेलं. रडले, खोटं कशाला सांगू. पण सुनीताच्या विम्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. बोलावतील तिथं जाईन, दादासमोर उभी राहून सांगेन. आणि माझाही कागद बदलून घेईन. कितीही खेटे पडोत. आता माझ्या वतीनं कुणी बोलायचं नाही.