साडेतीन फरशा

अण्णांची लेन्स मी मागितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कशाला? लई जुनी हाय ती." अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं म्हणून तो बंद झाला आणि डोळे त्यानंतर गेले, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नाही.

माझ्या नव्या कॅमेऱ्याला ही लेन्स बसते का, एवढंच मला बघायचं होतं. अडॅप्टर म्हणून धातूची एक कडी मिळते, ती मागवली आणि बसली की! यात आपोआप काही होत नाही, फोकस हातानं फिरवायचा. पहिल्याच दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या अशा आल्या, की देठावरच्या सुरकुत्या दिसाव्यात. हरखून मी सिद्धेश्वर तलावावर गेले आणि तिथं पचका झाला. मंदिर धूसर, पाणी धूसर, पलीकडचा काठ म्हणजे नुसतं पिठलं.

मी हट्टी आहे. कडी जाड असली तर लांबचं फोकस होत नाही, असं कुठंतरी वाचलं आणि दुसरी मागवली. पुन्हा तेच. मग टेप घेऊन बसले. फोकसची रिंग फिरवत नेली की एका जागी 'टक' करून अडायची. मोजलं तर बरोबर सात फूट. त्यापुढचं जग या लेन्सला नव्हतंच. नवरा म्हणाला, "नवी घे की." पण मला आता फोटो नकोच होते. सातच फूट का, हे कळायला हवं होतं.

नवी पेठेत कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे काका अजून दुकान उघडतात. लेन्स वडलांची, स्टुडिओतली, ग्रीस सुकलंय बहुतेक, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी रिंग फिरवली, 'टक' ऐकलं आणि हसले.

"ग्रीस न्हाय ताई, आत स्क्रू हाय. मीच बसवलाय. तुमच्या वडलांना दिसंना झालं हुतं. गिऱ्हाइकाचं स्टूल सात फुटांवर ठेवायचं, रिंग अडंपतूर फिरवायची, की फोटो चोख. कुनाला बोलू नका म्हनले हुते."

"कधी बसवलात?"

"तुमच्या लग्नाच्या आदल्या साली."

माझ्या लग्नात अण्णांनी कॅमेरा हातात धरला नव्हता. "पोरीच्या लग्नात बापानं फोटो काढायचा नसतो," म्हणाले आणि दुसरा फोटोग्राफर बोलावला. दुनियेच्या लग्नांचे अल्बम केलेला माणूस! इतकी वर्षं मी तो राग मनात ठेवून होते. आमच्या अल्बममध्ये तर ते प्रत्येक फोटोत भलतीकडंच बघताना दिसतात. मला वाटायचं, त्यांचं लक्षच नव्हतं.

काकांनी स्क्रू काढायला हत्यार उचललं. मी नको म्हटलं.

घरी आल्यावर, नवी पेठेतून आले एवढंच सांगून, अण्णांना बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसवलं. आमची शहाबादी फरशी दोन फुटांची. मी अंदाजानं चार फरशा सोडून उभी राहिले आणि रिंग फिरवली. टक.

अण्णांनी मान वर केली. "स्क्रू काढला न्हाईस व्हय?"

"नाही. अण्णा, लग्नात का नाही सांगितलंत?"

"मांडव कुटं मावतोय सात फुटांत?" ते म्हणाले. "आवाज लांबनं आला. साडेतीन फरशांवर ये."

मी अर्धी फरशी पुढे सरकले. रिंग अडलेली होतीच, बटण दाबलं. फोटो चोख आलाय, कानावरचे केससुद्धा दिसतात. आणि 'टक' जिकडून ऐकू आलं तिकडेच तोंड धरून बसल्यामुळे, या एका फोटोत अण्णा सरळ माझ्याकडे बघतायत.