बोटांना लागणारी वीण

दासगावच्या हफिजाचा क्रोशा आसपासच्या गावांत माहीत होता. कुणाच्या घरी लग्न ठरलं की एखादी बाई तिच्या ओट्यावर येऊन बसायची आणि हळूच विषय काढायची. मग टीव्हीवर टाकायचं जाळीचं कापड, ताटावर झाकायचे रुमाल, कुराण ठेवायच्या रेहलीखाली अंथरायचा पांढरा चौकोन, असं काहीतरी हफिजा विणून द्यायची. तिचा नवरा दिलावर बरीच वर्षं कुवेतमध्ये ट्रेलर चालवत होता. मुलगी अमरीन शाळेतून येऊन झोपली की घरात करण्यासारखं फारसं उरत नसे. त्या सगळ्या संध्याकाळी तिने बारीक दोऱ्यावर काढल्या.

दिलावर कायमचा परत आला तेव्हा अमरीन लग्न होऊन पनवेलला गेली होती. आता दोघांनी निवांत बसायचे दिवस, असं वाटत असतानाच हफिजाच्या डोळ्यांचा पडदा साखरेने खराब केला. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली. आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. समोर बसलेल्या माणसाचे खांदे तिला दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धूर असायचा. पांढऱ्या दोऱ्यातला टाका तर दिसायचाच नाही.

तिने आदळआपट केली नाही. सुया डब्यात ठेवल्या आणि भाकऱ्या, धुणं, नमाज यांत दिवस घालवायला लागली. पण दुपारी ती ओट्यावर रिकामे हात मांडीवर ठेवून बसे, आणि ते दिलावरला बघवत नसे.

एके दिवशी तिनेच म्हटलं, "महाडला चला. न फोडलेली रिळं हायत, ती दुकानात परत देऊ. इथे पडून पिवळी पडतील."

महाडच्या बाजारातल्या ज्या दुकानातून ती दोरा घ्यायची, तिथे आता निशिगंधा नावाची मुलगी बसायची. ती मूळची पोलादपूरच्या वर डोंगरातल्या कुडपणची. लग्न होऊन महाडला आली होती आणि फावल्या वेळात मोबाईलवर बघून लोकरीचं विणकाम शिकली होती. हफिजाने पिशवी पुढे केली आणि कारण सांगितलं. निशिगंधाने रिळं घेतली. गल्ल्याजवळ तिचं स्वतःचं अर्धवट विणकाम पडलं होतं. ते तिने नुसतं हफिजाच्या हातात दिलं.

जाड लोकर होती. हफिजाने त्यावरून तळवा फिरवला, मग बोटं. एका जागी उभे खांब वर आलेले, शेजारी आत गेलेले, पुन्हा वर.

"ही चटईसारखी लागते," ती म्हणाली.

"टोपलीची वीण म्हणतात, चाची. शिकायचीय?"

"मला दिसत नाय गो."

"पण आत्ता कळलं ना तुम्हाला."

हफिजाने ते विणकाम लगेच परत दिलं नाही. नेलेली रिळं दुकानात राहिली आणि पिशवीत जाड लोकर, जाड सुई घेऊन ती घरी आली.

गुरुवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असे. तेव्हा दिलावर तिला आणून सोडायचा आणि स्वतः मशिदीजवळच्या हॉटेलात चहा घेत बसायचा. पहिले दोन गुरुवार वाया गेले. निशिगंधा सारखी म्हणायची, "हे बघा, इथून सुई घालायची," आणि मग जीभ चावायची. साधा खांब, म्हणजे उभा टाका, हफिजाला झोपेतही घालता आला असता. इथे मात्र टाक्याच्या डोक्यात सुई घालायची नव्हती, खालच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेभोवती फिरवायची होती. काही खांबांना पुढून, काहींना मागून. ओळ उलटली की पुढचं मागे व्हायचं आणि हफिजाचा गोंधळ उडायचा.

तिसऱ्या खेपेला निशिगंधा वेगळंच सांगायला लागली. घरी तिने डोळ्यांवर ओढणी बांधून विणून पाहिलं होतं. "ओळीचा पहिला टाकाच सापडत नाही, चाची. मी तर दोनदा उसवलं. आता तिथे सेफ्टी पिन लावू. आणि पुढून-मागून पाठ करू नका. जो खांब बोटाला वर आलेला लागतो त्याला पुढून घ्या. आत गेलेला असेल त्याला मागून. वर आलेल्या खांबांचा चौकोन भरला की सगळं उलटं."

"चौकोन भरला हे कसं कळायचं?"

"अंगठा लावून बघा. तेवढी उंची झाली की भरला."

हफिजाने अंगठा लावून पाहिला. मग त्या दुपारी ती चौकोनामागून चौकोन विणत राहिली.

घरी विणकाम वाढत गेलं. शेजारणी हसायच्या. दासगावच्या उकाड्यात लोकरीची शाल कोण पांघरणार? हफिजालाही ते ठाऊक नव्हतं. हातांना काम मिळालं होतं, तेवढं तिला पुरत होतं.

ईदला अमरीन माहेरी आली. आईच्या मांडीवर गुडघ्यांपर्यंत लोळणारं निळं विणकाम बघून तिचे डोळे भरले. "अम्मी, किती सुंदर झालंय," ती म्हणाली.

हफिजाने एक कड धरली, मग दुसरी. दोन्ही हातांतलं अंतर वर कमी होतं, खाली जास्त होतं. काही ओळींच्या टोकाला एखादा टाका सुटत गेला होता.

"वाकडं झालंय ना?"

अमरीनने वाकून कडेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "थोडंसं. कळणार नाही कुणाला."

"तू मला खरं सांगत जा. तू जे बघून सांगशील, त्यावर मला चालायचं हाय."

अमरीनचा चेहरा उतरला. तिने आईचा हात धरला आणि कुठून अरुंद होत गेलं ती जागा बोटाने दाखवली. ती जागा बरीच खाली होती. हफिजाने सुई काढली आणि धागा ओढला. महिन्याभराचं काम सरसर उसवत गेलं. दिलावर समोर पाय पसरून बसला आणि गुंडा करायला लागला. ट्रेलरचं जाड स्टिअरिंग धरलेल्या त्याच्या हातांत लोकर सारखी गुंतायची. अमरीन ती सोडवून द्यायची. तिघांपैकी कुणीही घाई केली नाही.

आता हफिजाने ओळीच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. पावसाळा संपून भात कापणीला आलं तेव्हा शाल पुरी झाली. तिने ती दुकानात नेऊन निशिगंधाच्या हातात दिली.

"तुझ्या आईला दे. तुमच्या वरती थंडी असते म्हणतेस."

निशिगंधा म्हणाली, "मग तुम्हीच चला द्यायला."

डिसेंबरात दिलावरने गाडी काढली. पोलादपूर सोडल्यावर चढण लागली, कान दडपले आणि वारा बदलला. कुडपणला निशिगंधाची आई बयाबाई दारातच उभी होती. तिने शाल हातात घेतली, उलटसुलट केली आणि सरळ ट्रंकेत ठेवायला निघाली.

"आई, अगं पांघरायला आणलीय ती," निशिगंधा म्हणाली.

"एवढी चांगली वस्तू रोज कोण वापरतं? कुणी पाव्हणा आला तर काढीन."

हफिजा म्हणाली, "बयाबाय, ट्रंकेत ठेवायला मी आयुष्यभर विणलं. लोकांनी काचेखाली ठेवलं, कपाटात ठेवलं. ही तेवढी अंगावर घ्या."

बयाबाई थांबली. तिने शाल खांद्यावर टाकली, पदरासारखी नीट केली आणि चूल फुंकायला बसली. कोंबड्यांना हाकायला उठली तेव्हाही शाल अंगावरच होती. जेवताना हफिजाच्या शेजारी बसून तिने नाचणीची भाकरी तिच्या ताटात मोडून दिली आणि म्हणाली, "ऊब हाय गो हिला."

परतीच्या वाटेवर हफिजा निशिगंधाला पुढची वीण विचारत होती. पॉपकॉर्नसारखे टपोरे दाणे असतात ती. हल्ली तीच शिकते आहे. तिला ती वीण फारशी आवडलेली नाही, लोकर फार खाते म्हणते. तरी गुरुवारी दुपारी दिलावरने गाडी काढायच्या आधीच ती पिशवी घेऊन ओट्यावर तयार असते.